मंगल कार्यालय, बाजार समिती, कारखान्याच्या आवारात गाडीला गाडी लागली. चूक कोणाची, पैसे कोण देणार? वाचा सविस्तर

लग्नाची तिथी, कार्यालयासमोरच्या मोकळ्या रानात दीडशे गाड्या उभ्या. जेवणं उरकली की सगळ्यांनाच निघायची घाई. एक पिकअप रिव्हर्स येतो आणि मागच्या कारच्या बंपरला लागतो. पाच मिनिटांत पंचवीस माणसं जमतात. "दादा, तुमची गाडी वाकडी उभी होती." "भाऊ, मागं बघून घ्यायचं ना!" कोणी म्हणतं दोन हजार देऊन मिटवा, कोणी म्हणतं इन्शुरन्स आहे ना, मग भांडताय कशाला. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं आणि दुसरा मनात राग धरून घरी जातो.

बाजार समितीचं यार्ड, साखर कारखान्याचा गाडीतळ, आठवडी बाजार, दवाखान्याचं आवार, पेट्रोल पंप, सगळीकडे हेच चित्र. डेंट पडला तर पैशावर भागतं. पण मागं उभ्या हमालाच्या पायावरून चाक गेलं, किंवा एखादं लेकरू ट्रॉलीमागं आलं, तर जागेवर मिटवलेलं प्रकरण घराला महागात पडतं. म्हणून चूक कशी ठरते आणि विमा कुठपर्यंत साथ देतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आवारात झालेला अपघात म्हणजे 'खासगी बाब' का?

पुष्कळांचा समज असा की रस्त्यावर झालं तरच कायदा लागतो, आवारात झालं तर आपापसात. हा समज चुकीचा आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २ मध्ये 'सार्वजनिक जागा' म्हणजे काय ते सांगितलंय. नुसता रस्ताच नाही, तर लोकांना जिथं जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने पांडुरंग चिमाजी आगळे प्रकरणात हा अर्थ आणखी स्पष्ट केला. जागा खासगी मालकीची असली, पण लोकांना तिथं प्रवेश असेल, मग तो मर्यादित का असेना, तर विम्यासाठी ती सार्वजनिक जागाच. या हिशेबाने बाजार समितीचं यार्ड, कार्यालयाचं पार्किंग, पंपाचं आवार सहसा यात बसतं.

दुसरा समज, गाडी बंद उभी होती म्हणजे विम्याचा संबंध नाही. त्यावरही सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे आणि तो आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या घटनेवरचा. ऑक्टोबर १९८७ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्गावर पेट्रोलचा टँकर कलंडला. काही तासांनी त्याचा भडका उडाला आणि जमलेली माणसं गेली. टँकर तर तेव्हा पडून होता, मग 'वाहनाचा वापर' कुठं होता, असा वाद झाला. १९९१ मध्ये कोर्टाने सांगितलं की वाहन चालू नसलं, थांबलेलं असलं, तरी तो वापरच. म्हणजे उभ्या वाहनामुळे कोणाला इजा झाली तरी भरपाई मागता येते.

चूक कोणाची, हे कसं ठरतं?

पार्किंगसाठी वेगळा कायदा नाही. 'मोठ्या गाडीचीच चूक' असाही नियम कुठं लिहिलेला नाही. बघितलं जातं ते एवढंच: कोण हलत होतं, कोणी काळजी घ्यायला हवी होती आणि ती घेतली की नाही. नेहमी घडणारे प्रसंग असे:

१. उभ्या गाडीला धडक: नीट, जागेवर उभ्या असलेल्या गाडीला कोणी ठोकलं तर चूक सहसा चालवणाऱ्याचीच. "दिसली नाही" हे उत्तर चालत नाही.

२. रिव्हर्स घेताना: मागं कोणाला धोका नाही याची खात्री करायची जबाबदारी रिव्हर्स घेणाऱ्याची. ट्रॅक्टर-ट्रॉली, पिकअप, टेम्पो यांना मागचं दिसत नाही, म्हणून तर खाली माणूस उभा करायचा असतो. क्लीनरने "येऊ द्या, येऊ द्या" म्हटलं म्हणून चालकाची जबाबदारी संपत नाही.

३. दोघंही रिव्हर्समध्ये: समोरासमोरच्या दोन रांगांतून दोन गाड्या एकाच वेळी मागं आल्या आणि ढुंगणाला ढुंगण लागलं, तर चूक दोघांचीही धरली जाते. मात्र एक जण आधीच थांबला होता, हॉर्न वाजवत होता, असं फोटोत किंवा सीसीटीव्हीत दिसलं तर त्याचा वाटा कमी होतो.

४. जागेतून निघणारी आणि मधल्या वाटेने येणारी: उभ्या जागेतून वाटेवर येणाऱ्याने आधी थांबायचं, वाट मोकळी बघायची. वाटेने येणाऱ्याला पुढं जाऊ द्यायचं. पण वाटेवरचा माणूस आवारात भरधाव आला असेल तर तोही सुटत नाही.

५. दार उघडताना: शेजारून दुचाकी येतेय हे न बघता दार उघडलं, तर चूक दार उघडणाऱ्याची.

६. उतारावरून गाडी घरंगळली: कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे चालक गाडीत नसेल तर इंजिन बंद, ब्रेक लावलेला आणि गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था हवी. ट्रॉलीच्या चाकाला दगड न लावता चहाला गेलात आणि ट्रॉली घरंगळली, तर "मी गाडीत नव्हतोच" हा बचाव उलट तुमच्याच अंगावर येतो.

७. वाकडी, अंधारात किंवा वाटेत लावलेली गाडी: उभी गाडी नेहमीच निर्दोष नसते. धोका होईल अशी गाडी सोडून जाऊ नये, असं कलम १२२ सांगतं. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात भर महामार्गावर दिवे, इशारा न ठेवता सोडलेल्या ट्रेलरचीच पूर्ण चूक धरली आणि धडकलेल्या कारच्या चालकावर टाकलेला अर्धा दोष काढून टाकला. ऊस भरून कारखान्याच्या गेटाबाहेर रात्री रांगेत लागणाऱ्या ट्रॉल्यांनी हे ध्यानात ठेवावं. मागं लाल रिफ्लेक्टर नसेल तर उभी ट्रॉलीही दोषी ठरू शकते.

चूक दोघांची निघाली तर भरपाईची रक्कम त्या प्रमाणात कापली जाते. म्हणजे नुकसान दहा हजारांचं आणि तुमची चूक तीस टक्के धरली, तर हक्काचे सात हजार. पण दोन गाड्यांच्या चुकीत तिसराच, पायी चालणारा माणूस जखमी झाला, तर त्याने वाटे मोजत बसायचं कारण नाही. तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो.

पैसे कोण देणार? आधी आपली पॉलिसी उघडून बघा

गावाकडं सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. "इन्शुरन्स आहे" एवढंच माहीत असतं, कुठला ते माहीत नसतं.

*थर्ड पार्टी विमा:* कलम १४६ प्रमाणे हा सक्तीचा. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा केली किंवा दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई यातून. तुमच्या स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही यातून मिळत नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मर्यादा असते: कार आणि व्यापारी वाहनांना सहसा साडेसात लाख, दुचाकीला एक लाख. हप्ता कमी करण्यासाठी काहींनी ही मर्यादा फक्त सहा हजारांवर आणलेली असते, ती पॉलिसीत तपासा.

*फुल इन्शुरन्स:* यात थर्ड पार्टी तर असतोच, शिवाय स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून मिळतं, चूक तुमची असली तरी.

इथं एक खाच आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कार घेताना तीन वर्षांचा आणि दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीचा भाग मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. "विमा अजून दोन वर्षं आहे" म्हणून निवांत राहिलेल्या माणसाला डेंट पडल्यावर कळतं, की आपल्या गाडीचा विमा पहिल्याच वर्षी संपला. आजच पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा बघून घ्या.

ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक बघायचं. ट्रॉलीचा विमा वेगळा असतो. पॉलिसीत फक्त ट्रॅक्टरचा नंबर असेल आणि अपघात ट्रॉलीने झाला, तर कंपनी हात वर करू शकते. तसंच, आपल्याच अंगणात आपल्याच ट्रॅक्टरखाली आपलीच मोटारसायकल आली तर थर्ड पार्टीतून काही मिळत नाही. स्वतःची मालमत्ता ही 'तिसऱ्याची' धरत नाहीत.

समोरच्याची चूक आहे, तरी आपला विमा का वापरायचा?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. समोरच्याच्या विमा कंपनीच्या ऑफिसात जाऊन "तुमच्या माणसाने ठोकलं, पैसे द्या" म्हटलं तर सहसा काम होत नाही. तिथून घ्यायचं तर मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा, म्हणजे जिल्हा न्यायालयातल्या ट्रिब्युनलचा. पाच-दहा हजारांच्या डेंटसाठी कोणी वकील लावत नाही. म्हणून व्यवहारात ज्याचा फुल इन्शुरन्स तो आपल्या कंपनीकडून गाडी दुरुस्त करून घेतो, किंवा समोरचा रोख देऊन मोकळा होतो.

पण क्लेम करण्याआधी हिशेब मांडा. एक उदाहरण घेऊ. कार तीन वर्षांची, इंजिन १२०० सीसी, झिरो डेप घेतलेलं नाही. प्लास्टिकचा बंपर ६,००० रुपये, रंगाचं सामान १,०००, मजुरी ३,०००, एकूण बिल १०,०००. प्लास्टिक आणि रंगाच्या सामानावर निम्मी घट धरतात. म्हणून बंपरचे ३,०००, रंगाचे ५०० आणि मजुरीचे ३,००० असे ६,५०० होतात. त्यातून सक्तीची कपात १,००० रुपये (१५०० सीसीपेक्षा मोठ्या कारला २,०००). हातात येणार ५,५००.

आता दुसरी बाजू. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षी २० टक्के, पुढं २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा वाढत जातो. समजा स्वतःच्या गाडीच्या भागाचा हप्ता ८,००० आहे आणि पुढच्या वर्षी ३५ टक्के सूट मिळणार होती. क्लेममुळे ती शून्य होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हप्ता तोच धरला तर पहिल्या वर्षी २,८००, दुसऱ्या वर्षी २,००० आणि तिसऱ्या वर्षी २,००० रुपये जास्त जातात. तीन वर्षांत ६,८०० रुपये. मिळाले ५,५००! अशा वेळी क्लेम न केलेलाच बरा. नुकसान मोठं असेल तर मात्र जरूर करा.

जागेवर मिटवताना ही चूक करू नका

किरकोळ घासलं असेल तर समजुतीने मिटवण्यात काही गैर नाही. पण दोन गोष्टी पाळा.

पहिली, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, पैसे द्यायचं वचन देऊ नये, अशी अट बहुतेक पॉलिसीत असते. भावनेच्या भरात "सगळी चूक माझी, सगळा खर्च मी देईन" असं लिहून दिलं आणि पुढं क्लेम करायची वेळ आली, तर कंपनीला कारण मिळतं. चिठ्ठी लिहायचीच तर घडलं तेवढं लिहा: तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, काय लागलं, किती रुपये दिले-घेतले, दोघांच्या आणि साक्षीदाराच्या सह्या.

दुसरी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची: माणसाला लागलं असेल तर जागेवर मिटवू नका. "काही नाही, मुका मार आहे" म्हणून पाचशे रुपये घेऊन घरी गेलेल्या माणसाचं हाड मोडल्याचं दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये निघतं. तोवर गाडी गेलेली, नंबर कोणी लिहिलेला नाही, पोलिसात नोंद नाही. ज्याचं पोट हमालीवर आहे त्याचे तीन महिने घरी बसण्यात जातात आणि मागायला कागद एकही नसतो. गाडीवाल्याचंही नुकसानच. विमा असून खिशातून द्यायची वेळ येते आणि पुढं केस झाली तर पळून गेल्याचा आरोप वेगळा.

कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात नेणं ही चालकाची जबाबदारी. पोलिसांना लगेच, फार तर २४ तासांत कळवायचं, विमा कंपनीलाही कळवायचं. दवाखान्यात 'गाडीच्या अपघातात लागलं' असंच सांगा. 'घरी पडलो' असं लिहिलं गेलं की पुढचा दावा लटकतो. भरपाईचा अर्ज कलम १६६ खाली ट्रिब्युनलमध्ये होतो. त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून उशीर नको. जखमी माणूस जिथं राहतो तिथल्या हद्दीतही अर्ज करता येतो.

ठोकून पळाला, नंबर माहीत नाही

गाडीचंच नुकसान असेल तर आपला फुल इन्शुरन्स हाच आधार. अज्ञात वाहनाच्या अपघातासाठी सरकारी योजना आहे. त्यात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. पण ती माणसांसाठी, गाडीच्या डेंटसाठी नाही.

नंबर मिळाला तर परिवहन विभागाच्या अ‍ॅपवर विमा चालू आहे का ते दिसतं. अपघातातल्या वाहनाची माहिती पोलीस आणि आरटीओने द्यायची, असं कलम १६० सांगतं. आवारात सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन चित्रण राखून ठेवायला सांगा. जुनं चित्रण पुसलं जातं.

पार्किंगवाल्याची जबाबदारी किती?

"गाडी मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावावी" हा फलक सगळीकडे असतो. पण फलक लावला म्हणजे सुटका झाली, असं नाही. किल्ली कोणाकडं होती, हे बघावं लागतं.

किल्ली तुम्ही पार्किंगच्या माणसाकडं दिली, पावती घेतली, तर कायद्याने ती ठेव झाली. ठेव घेणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूइतकी जपायची. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्याने किल्ली दिलेली कार चोरीला गेली. पावतीवर 'मालकाची जबाबदारी' छापलं होतं. तरी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेललाच जबाबदार धरलं.

किल्ली तुमच्याच खिशात असेल आणि तुम्ही नुसती जागा वापरली असेल, तर पार्किंगवाल्याचा ठोस निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि ते अवघड जातं. तिथं दुसऱ्या गाडीने ठोकलं तर भांडण त्या गाडीवाल्याशीच.

लायसन्स, कागद आणि दंड

विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड चार हजार. पण खरी शिक्षा दंडाची नाही. माणसाला इजा झाली तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते आणि त्यात जमीन विकायची वेळ येऊ शकते.

लायसन्स नसलेल्या चालकाच्या हातून नुकसान झालं तर स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जातो. पार्किंगमध्ये "जरा गाडी मागं घे" म्हणून पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती किल्ली देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. अल्पवयीन मुलाने केलेल्या गुन्ह्यासाठी पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पिकअपवाल्यांना मात्र दिलासा आहे. ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलंय. एवढ्याच कारणावरून कंपनीने क्लेम अडवला तर हा निकाल दाखवा.

मोबाइलमध्ये जपून ठेवा: गाडी लागली तर पहिल्या पंधरा मिनिटांत काय करायचं

- आधी माणसं बघा. कोणाला लागलं असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन.
- गाड्या हलवण्याआधी फोटो काढा: लांबून पूर्ण जागा, जवळून लागलेला भाग, दोन्ही नंबर प्लेट, चाकं कुठं वळली होती ते.
- समोरच्याचं लायसन्स, आरसी, पॉलिसी यांचे फोटो घ्या, आपले दाखवा.
- बघणाऱ्या दोघांची नावं आणि फोन नंबर घ्या. गर्दी पांगली की साक्षीदार मिळत नाही.
- क्लेम करायचा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा. सर्वेअर येऊन बघेपर्यंत गाडी दुरुस्तीला उघडू नका.
- किरकोळ नुकसान असलं तरी वाद असेल तर पोलीस ठाण्यात नोंद करून प्रत घ्या.

आपल्याच कंपनीने क्लेम विनाकारण अडवला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार. तिथं दाद नाही मिळाली तर विमा नियामकाचा टोल फ्री नंबर १५५२५५ आणि 'बीमा भरोसा' पोर्टल आहे. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडं जाता येतं. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

येत्या लग्नाच्या तिथीला गाडी बाहेर काढण्याआधी एवढं करा: पॉलिसी उघडा, दोन्ही तारखा बघा, ट्रॉलीचा नंबर त्यात आहे का बघा. आणि रिव्हर्स घेताना खाली एक माणूस उभा करा. बंपर नवा मिळतो, माणूस मिळत नाही.